नकाशा चावडीवर आला पाहिजे

गुंठा हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला आहे की, आजचा गुंठा एका लोखंडी साखळीने ठरवला हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मोजणीची ही साखळी तेहतीस फूट लांब आणि सोळा आण्यांत विभागलेली असे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर होतो. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, तो शेतकरीही हा हिशेब बोटांवर करून दाखवतो. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वीचे एक परके तंत्र घराघरांत जाऊन बसले, ते असे.

या साखळीचा इतिहास सोलापूरच्या उंबरठ्यावरच घडला आहे. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमध्ये जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. त्याची पद्धत कागदावर मोठी विद्वत्तापूर्ण होती. कोणत्या मातीत किती पिकते, खर्च वजा जाता हाती काय उरते, याची सूक्ष्म गणिते त्याने मांडली होती. पण मुळात मोजणीच सदोष झालेली, आणि पिकाचे आकडे भरवशाचे नव्हते. सारा जड झाला, शेतकरी जमिनी टाकून परागंदा झाले. अखेर १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी केली, सारा हलका केला आणि तो तीस वर्षांसाठी ठरवून दिला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. त्याच इंदापूर तालुक्यातील कितीतरी शिवार आज उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे.

ही जुनी कथा सांगायचे कारण एवढेच की, मोजणीचे शास्त्र कितीही पुढे गेले तरी त्याचा कस शेवटी गावातच लागतो. इंग्रजांनी मोजणी केली ती आपल्या साऱ्यासाठी. रयतेच्या प्रेमापोटी नव्हे. तरीही त्या मोजणीतून तयार झालेला गावनकाशा चावडीत येऊन राहिला. शेतकऱ्याला आपला सर्व्हे नंबर कळला, बांध कळला, आणि चूक झाली तर तक्रार कोठे करायची हेही कळले. आज आकाशातून होणारी मोजणी साखळीपेक्षा अधिक अचूक आहे आणि लोकांच्याच पैशातून होते. मात्र तिचा नकाशा अजून चावडीवर आलेला नाही. या लेखाचे सारे म्हणणे या एका विसंगतीभोवती आहे.

बहात्तर सालचे दोन प्रसंग

१९७२ हे साल सोलापूरकरांच्या स्मरणात दुष्काळाचे साल म्हणून कोरलेले आहे. खडी फोडणारी माणसे, सुकडीचे वाटप आणि ओस पडलेल्या दावणी, ही चित्रे घरातल्या वडीलधाऱ्यांनी अनेकदा सांगितलेली असतील. त्याच वर्षी २३ जुलैला अमेरिकेने पृथ्वीवरील जमीन, पाणी आणि पिके यांची पाहणी करणारा एक उपग्रह सोडला. पुढे तो लँडसॅट या नावाने ओळखला गेला. खाली पाण्यासाठी वणवण आणि वर पाणी शोधू शकणारा डोळा, असा तो योग होता. अर्थात त्या वेळी या डोळ्याला दिसलेले सोलापूरच्या शेतकऱ्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर बरेच काही घडले. दुष्काळाच्या त्याच सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. पहिल्या उपग्रहाच्या चित्रातला बारकाईत बारीक ठिपकाही सुमारे छत्तीस मीटरचा होता. म्हणजे एका ठिपक्यात एखादे छोटे शेत मावून जायचे. २००५ मध्ये गेलेल्या कार्टोसॅट-१ ने हा ठिपका अडीच मीटरवर आणला. २००९ मध्ये इस्रोने 'भुवन' हे संकेतस्थळ खुले केले आणि उपग्रहाचे चित्र घरच्या संगणकावर आले. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला भारत-अमेरिकेचा निसार हा उपग्रह तर रडारच्या साहाय्याने ढगांच्या आरपार पाहतो, तेही दिवस असो वा रात्र.

हे डोळे नेमके काय पाहतात, हे समजून घेणे अवघड नाही. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि माणसाच्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. उपग्रह हे दोन्ही मोजतो. त्यावरून कोठे पीक आहे, ते जोमदार आहे की सुकत चालले आहे, याचा अंदाज बांधता येतो. अभ्यासकांच्या नकाशात हे अवरक्त किरण लाल रंगात दाखवण्याची प्रथा आहे, त्यामुळे तेथे भरघोस पीक लालभडक दिसते. त्याचप्रमाणे जमिनीचा उतार, ओढ्यांचे जाळे आणि खडकातल्या लांबच लांब भेगा वरून स्पष्ट दिसतात. आपल्याकडचा काळा कातळ हा लाव्हाचे थर साचून बनलेला. त्यात पाणी राहते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. जमिनीखालचे पाणी उपग्रहाला दिसत नाही, परंतु ते असण्याची शक्यता कोठे अधिक, हे या खुणांवरून सांगता येते. हातात उंबराची फांदी घेऊन शिवार हिंडणाऱ्या पाणाड्यापेक्षा हा आधार नक्कीच भक्कम आहे.

रेघ ओढली, माळ हरवला

नकाशा न पाहता रेघ ओढली की काय होते, याचे सोलापूरइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणार नाही. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजच्या माळावर माळढोक हा दुर्मिळ पक्षी आढळतो म्हणून १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. हेतू उत्तम होता. पण अभयारण्याचे क्षेत्र ठरले तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! संपूर्ण सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्र पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांतील शेते, गावे, बाजारपेठा आणि रस्ते सगळे एका रेघेच्या आत आले. माळढोकाला लागतो तो विरळ गवताचा मोकळा माळ. त्याला बाजारपेठ काय करायची होती?

परिणाम व्हायचा तोच झाला. जमिनीचे व्यवहार, बांधकामे आणि उद्योग यांत अडचणी आल्या आणि ज्या पक्ष्याचे लोकांनी रक्षण करायचे, त्याच्याच नावाने लोक बोटे मोडू लागले. सुमारे तीन दशकांनंतर हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. पण तोपर्यंत पाणी आलेल्या माळांवर नांगर फिरला होता, विजेच्या तारा उभ्या राहिल्या होत्या. देशभरात आज माळढोकांची संख्या दीडशेच्या आतबाहेर उरली आहे आणि नान्नजला तो दिसलाच तर ती बातमी होते.

यातली खरी मेख वेगळीच आहे. सरकारी दफ्तरात माळाची नोंद बहुधा 'पडीक' अशी होत आली. पडीक म्हणजे टाकाऊ, काहीतरी करून वापरात आणण्याजोगी जमीन. मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगराला विचारा; त्याच्या लेखी ते चराऊ रान असते. कोणत्या महिन्यात कोणते गवत येते, लांडग्याचा वावर कोणत्या ओघळीला आहे, काळवीट कोठे पाण्यावर येते, हे तो सांगू शकतो. उपग्रहाला गवत दिसते, पण त्या गवताचे नाव कळत नाही. ते सांगायला माणूस लागतो. वरचे चित्र आणि खालची माहिती एकत्र आली असती तर लहान, नेमके आणि लोकांना पटेल असे अभयारण्य पहिल्याच दिवशी आखता आले असते. रेघ थोडी, पण जागची असती.

कामे मोजली, पाणी राहिले

दुसरे उदाहरण अलीकडचे. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. नाला खोलीकरण, सिमेंट बंधारे आणि बांधबंदिस्तीची हजारो कामे झाली. या कामांची नकाशावर नोंद करण्यासाठी, जागेच्या अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे घेण्यासाठी आधुनिक तंत्राचा आधारही घेण्यात आला. काही गावांत विहिरींना पाणी वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण २०२० मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी सहा जिल्ह्यांत जी तपासणी केली, त्यात सोलापूरही होता. ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजलपातळी वाढण्यावर अभियानाचा फारसा परिणाम झालेला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

असे का व्हावे? आमच्या मते, कामाची जागा नोंदवणे आणि पाण्याचा हिशेब ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छायाचित्रात बंधारा दिसतो. त्या बंधाऱ्याच्या पाण्यावर किती बोअर चालतात, हे दिसत नाही. जमेची बाजू मोजायची आणि खर्चाची सोडून द्यायची, असा जमाखर्च कोणत्याही घरात चालत नाही. मग तो शिवारात कसा चालावा? घरातली गृहिणी महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार किती आला एवढेच पाहत नाही. तो कोठे कोठे जाणार हेही तिला ठाऊक असते. पाण्याचा हिशेब याहून वेगळा नाही.

आणि सोलापुरात पाण्याचा खर्च म्हटले की उसाचे नाव घ्यावेच लागते. सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंब यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ते या कोरड्या हवेचेच देणे. त्याच जिल्ह्यात राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने आहेत! दुष्काळी वर्षातल्या उन्हाळ्याचे उपग्रहचित्र पाहिले तर बहुतेक जिल्हा करडा दिसतो आणि भीमेच्या व कालव्यांच्या काठाने लाल पट्टे दिसतात. ते सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातील जवळजवळ ५४ टीएमसी उपयुक्त साठा आणि उरलेला मृत साठा. धरण 'उणे' झाले असे आपण म्हणतो, तेव्हा या मृत साठ्याला हात घातलेला असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास खाली गेली होती. पाणी असे ओसरले की पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते आणि ते पाहायला गर्दी होते. इकडे सोलापूर शहराने मात्र चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय वर्षानुवर्षे अंगी बाणवली. शहरातल्या बाईने भांडी भरून ठेवायची, टँकरच्या गावातल्या बाईने रांगेत उभे राहायचे, आणि नकाशातला लाल पट्टा कोणी बोलून दाखवायचा नाही, असा हा मामला आहे.

ऊस लावणारा शेतकरी दोषी आहे, असे येथे सुचवायचे नाही. हमखास भाव आणि हमखास गिऱ्हाईक असलेले पीक तो घेणारच. ज्वारीला, तुरीला तेवढी हमी मिळाली तर तो विचार करील. पण त्यासाठी आधी सर्वांना दिसेल अशा जागी आकडा मांडावा लागेल. तो मांडण्याचे साधन आज हाताशी आहे आणि आपण ते कपाटात ठेवले आहे.

कपाटातले ज्ञान

हे कपाट काही थोडेथोडके भरलेले नाही. भूजल यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. साऱ्या राज्याचे दीड हजारांहून अधिक पाणलोट पाडलेले आहेत. पावसाळा संपला की कोणत्या गावांना टंचाई भासण्याचा संभव आहे, याचा अहवाल तयार होतो. तो जिल्हाधिकारी कचेरीत जातो, आणि गावाला त्याचा पत्ता लागतो तो टँकर दारात आल्यावर. सुरक्षिततेच्या नावाखाली नकाशा हे आपल्याकडे कित्येक वर्षे एक सरकारी गुपित होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरील बहुतेक बंधने उठवली. म्हणजे कायद्याची अडचणही आता उरलेली नाही. उरली आहे ती सवयीची.

सवय बदलू शकते, याची उदाहरणेही आपल्याच राज्यात आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने नोंदवायचे ते पीक आता शेतकरी स्वतः आपल्या बांधावर उभा राहून मोबाइलवर नोंदवतो. रेंज नसणे, साधा फोन असणे, शेवटच्या दिवशी यंत्रणा अडून बसणे, या अडचणी आहेतच. पण आपल्या शेताची माहिती आपण स्वतः भरायची, हे तत्त्व मोलाचे आहे. हिवरे बाजारने तर उपग्रहाची वाट न पाहता दरवर्षी पाण्याचे अंदाजपत्रक मांडले. पाऊस किती झाला ते मोजायचे, माणसांना आणि जनावरांना लागणारे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीची पिके ठरवायची. तेथे ऊस नाही आणि शेतीसाठी बोअर नाही. हे जमले, कारण आकडा सर्वांसमोर होता.

आमची सूचना साधी आहे. पावसाळा सरताना, रब्बीच्या पेरणीआधी, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा एक मोठा, रंगीत, मराठीत लिहिलेला नकाशा लागावा. त्यावर गावाचा पाणलोट, ओढे, बंधारे आणि विहिरी असाव्यात. यंदा पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती हातांवर आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात किती क्षेत्र हिरवे होते, हे शेजारी लिहिलेले असावे. ग्रामसभेत तो वाचून दाखवावा आणि गावाने त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात. बुजलेली विहीर, नव्याने पडलेला बोअर, वाट बदललेला ओढा, 'पडीक' म्हणून नोंदलेले चराऊ रान, हे सारे गाव सांगेल. सोलापूर विद्यापीठात या विषयाचे शिक्षण घेणारी मुले-मुली आहेत. एकेका गटाने एकेक गाव घेतले, तरी त्यांचे शिक्षण होईल आणि गावाचे काम होईल. सातवी-आठवीच्या मुलांनी भूगोलाच्या तासाला आपल्याच गावाचा नकाशा वाचला, तर ती संध्याकाळी घरी जाऊन बापाला प्रश्न विचारतील, आणि तो प्रश्न कोणत्याही परिपत्रकापेक्षा परिणामकारक असेल.

पुराच्या बाबतीतही हेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळा यांसारख्या दुष्काळाची सवय असलेल्या तालुक्यांत गावे पाण्याने वेढली गेली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खाते आखते. पण या रेषा कागदावर राहिल्या तर घर बांधणाऱ्याला त्यांचा काय उपयोग? त्या विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या ओट्यावर रंगाने काढलेल्या हव्यात. पाणी कोठवर येऊ शकते, हे लहान मुलालाही दिसले पाहिजे.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. नकाशा खुला झाला की गायरानावर झोपडी बांधलेल्या गरिबावर पहिला बडगा येईल आणि मोठ्याचे अतिक्रमण सुखरूप राहील, अशी भीती कोणी व्यक्त करील. ही भीती अनाठायी नाही. परंतु नकाशा बंद राहिल्याने गरिबाचे रक्षण झाले, असेही कधी दिसलेले नाही. नकाशा फक्त कचेरीत असतो तेव्हा तो ज्याची कचेरीत ओळख आहे त्याच्याच उपयोगी पडतो. दुसरा आक्षेप असा की, उपग्रहही चुकतो. खरेच आहे. पावसाळ्यात ढग आड येतात, एक पीक दुसऱ्यासारखे दिसते. आणि आपल्याकडचा पाऊस तर असा की, बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते. दहा-बारा गावांच्या महसूल मंडळात एक पर्जन्यमापक ठेवून हा पाऊस मोजला जाणार नाही. म्हणून तर चूक दाखवणारा माणूस नकाशासमोर उभा असला पाहिजे.

प्रिंगलचे गणित त्याच्या कचेरीत बिनचूक होते. ते कोसळले, कारण शिवार काय म्हणते हे त्याने नीट ऐकले नाही. आज आपल्याजवळ त्याच्यापेक्षा अफाट साधने आहेत. ती कचेरीतच ठेवली तर अधिक महागड्या यंत्रांनी आपण तीच चूक पुन्हा करू. येत्या ऑक्टोबरात तुमच्या गावची ग्रामसभा भरेल, तेव्हा एकच प्रश्न विचारा: आमच्या शिवाराचा नकाशा कोठे आहे? शहरात राहणाऱ्यांनी हाच प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारावा. उत्तर पहिल्या वेळी मिळणार नाही. दुसऱ्या वेळी कदाचित मिळेल. पण विचारणारे वाढले की कपाट उघडावेच लागते.